आठव्या चौकोनातली जागा

“तू खो मिळायच्या आधीच का उठलीस?”

लिपारेंच्या यंत्रमागाच्या शेडबाहेर उभी राहून मी हे वाक्य सतरा वेळा म्हटलं. एकदा रागानं, एकदा गोड आवाजात, एकदा आमच्या मराठीच्या बाई धडा वाचतात तसं स्वल्पविराम पाळून. कसंही म्हटलं तरी ते बरं वाटेना. डाव्या हातात आधाराची काठी होती आणि उजव्या हातात काहीच नव्हतं, त्यामुळं त्या उजव्या हाताचं काय करायचं तेच कळत नव्हतं.

रस्त्यापलीकडे रसवंतीच्या बाकावर अल्फिया आणि समृद्धी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर उसाच्या रसाचे तीन ग्लास होते. तिसरा माझा, पण तो प्रश्न विचारून आल्यावरच मिळणार होता. अल्फियानं तिथूनच हात हलवला. जा की.

प्रश्न माझा नव्हताच. आठवीतला मार्च महिना, शनिवारची सकाळची शाळा. ऑफ तासाला मागच्या बाकावर ट्रुथ-डेअर चाललं होतं. मी डेअर घेतलं, कारण ट्रुथ घेतलं की समू कायम एकच विचारते, तुला कोण आवडतं, आणि त्याचं उत्तर तेव्हा दर आठवड्याला बदलत होतं. समूनं पेनचं टोपण चावत विचार केला आणि म्हणाली, “कल्याणीला जाऊन विचार. ती आधीच का उठली ते.”

“हे काय डेअर आहे का?” मी म्हटलं.

“मग काय तर,” अल्फिया म्हणाली. “पाच महिने झाले. तू विचारत नाहीस, ती सांगत नाही. घाबरतेस काय?”

“मी कशाला घाबरू? पाय माझा मोडलाय.”

“मग जा.”

तर शाळा सुटल्यावर मी गेले.

आता मी दहावीत आहे आणि कुणालाही काहीही विचारते. परवा तर शिक्षणाधिकारी आले होते त्यांना मी मुलींच्या स्वच्छतागृहाचं विचारलं. पण तेव्हा मी अशी नव्हते. म्हणजे मैदानावर होते, मैदानाबाहेर नव्हते.

आमचं विटा. घरं कमी आणि यंत्रमाग जास्त असं पाहुणे म्हणतात. आमच्या शाळेचा मुलींचा खो-खोचा संघ चांगला होता, आणि त्यात मी आणि कल्याणी लिपारे पाचवीपासून होतो. मी सगळ्यात जोरात पळायचे. सूर मारून खांबावर गडी बाद करणं ही माझी खासियत. कल्याणी पळायला बेताची, पण उठायला तिच्यासारखी कुणी नाही. पाठीला हात लागला की ती उठलेलीच असायची. आमचे खेळाचे जगताप सर म्हणायचे, “हिच्या पाठीत स्प्रिंग बसवलीय.” माझ्याबद्दलही सर बरंच काही म्हणायचे. तेजल, नखं काप. तेजल, तोंड मिट. तेजल, खो दिलास ना, आता बस की गं. यातलं मी नखं तेवढी कापायचे.

ऑक्टोबरात जिल्ह्याच्या फायनलला शेवटच्या मिनिटाला आम्हाला बरोबरी करायला एक गडी हवा होता. पुढचं मला लोकांनी सांगितलं ते असं. मी पळणाऱ्या मुलीच्या मागे होते. शेवटच्या, म्हणजे खांबाजवळच्या आठव्या चौकोनात कल्याणी बसली होती. ती खो न मिळताच उठली. मी खांबावर सूर मारला आणि खांबाला वळसा घालून तीही तिथंच आली. माझा गुडघा खांबावर आणि कल्याणी गुडघ्यावर. गुडघ्याखालचं हाड फुटलं, दोन लिगामेंट तुटले. डोकंही आपटलं. पंचांची शिट्टी वाजली, फाऊल झाला, आम्ही हरलो.

मला नाणेफेक आठवते. आम्ही हाताला लाल माती चोळली ते आठवतं. त्यानंतर एकदम सांगलीच्या दवाखान्यातला पंखा. डॉक्टर म्हणाले, डोक्याला हादरा बसला की मधला तुकडा पुसला जातो, परत येईल किंवा नाही येणार. तुकड्याच्या जागी मला एकच गोष्ट दिसायची. पांढऱ्या रेघांचा एक रिकामा चौकोन. मला वाटायचं ती दवाखान्याची फरशी असेल.

पप्पांनी तिथंच मला विचारलं होतं, “तेजू, तू खो दिला होतास का तिला?” मी “नाही” म्हटलं म्हणे. मला हे विचारलेलंही आठवत नाही, पण आई आणि पप्पा दोघांनी ऐकलं. पप्पांनी त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना पत्र दिलं, की अशा बेशिस्त मुलीला पुन्हा संघात घेतलं तर त्यांच्यासारखे पालक गप्प बसणार नाहीत. कल्याणीला संघातून काढलं. आणि खानापूर नाक्यावरच्या आमच्या टायरच्या दुकानावर फ्लेक्स लागला, ‘जिद्दी लेक तेजल शिंत्रे, लवकर बरी हो’. मध्ये गुडघ्याला पट्टा लावून अंगठा दाखवणारी मी आणि खाली पप्पांच्या सहा मित्रांचे गॉगल घातलेले फोटो.

कल्याणी भेटायला आली नाही. एकदाही नाही. मी परत शाळेत यायला लागल्यावर ती पहिल्या बाकावर जाऊन बसली, जिथून मागं वळून बघावं लागत नाही.

तर शेड. मी आत गेले.

आत चोवीस माग चालू होते. बाहेर उभं राहून आवाज ऐकणं वेगळं आणि आत जाणं वेगळं. आत तो आवाज कानात नसतो, दातात असतो. हवेत कापसाचे तंतू उडत होते. डावीकडे कांडी भरायच्या, म्हणजे मागात लागणाऱ्या नळीवर सूत गुंडाळायच्या मशीनपुढं लाकडी स्टुलावर कल्याणी बसली होती, माझ्याकडे पाठ करून. शाळेच्या गणवेशावर आईचा जुना शर्ट घातला होता. रिकाम्या कांड्या लावायच्या, भरलेल्या काढून टोपलीत टाकायच्या, दोन्ही हात वेगवेगळ्या माणसांचे असावेत तसे चालले होते.

मी तिच्या मागं चार फुटांवर थांबले. “कल्याणी.”

काही नाही.

मी ओरडले, “कल्ली, तू खो मिळायच्या आधीच का उठलीस?”

अख्खं वाक्य म्हटलं. घसा ताणलेला मला जाणवला, पण आवाज मला स्वतःलाच ऐकू आला नाही. तोंड उघडलं, मिटलं आणि प्रश्न मागांनी खाऊन टाकला. आपण असं आधी कधीतरी केलंय असं वाटलं.

पलीकडून कल्याणीच्या आई बीमला, म्हणजे मागाच्या मोठ्या सुताच्या रुळाला, तार जोडता जोडता माझ्याकडे बघत होत्या. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी एक हात वर केला आणि हवेत थाप मारून दाखवली. पाठीवर मार. मग मी बघितलं तर खरंच, शेडमध्ये कुणीच कुणाला हाक मारत नव्हतं. एका दादानं जाता जाता दुसऱ्याच्या पाठीवर थाप दिली, दुसरा वळलासुद्धा नाही, सरळ उठून बंद पडलेल्या मागाकडे गेला. हाक मारून उपयोग नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

मी पुढं झाले. कल्याणीच्या पाठीला, बरोबर मधोमध, हात लावला.

ती उठली.

मागं बघितलं नाही तिनं. डावा पाय बाहेर, अंग वर, उजवीकडे दोन पावलं, आणि मग तिच्या लक्षात आलं असावं की आपण मैदानावर नाही. तेव्हा ती वळली. मी तिथंच उभी होते. हात अजून हवेत. माझ्यासमोर रिकामं स्टूल.

मला सगळं आठवलं असं इथं लिहिता आलं असतं तर छान झालं असतं. पण मला काहीच आठवलं नाही. खांब नाही, पळणारी मुलगी नाही, काही नाही. फक्त त्या रिकाम्या स्टुलावरून माझी नजर हलेना. कारण हाताला तो स्पर्श माहीत होता आणि रिकामी जागा डोळ्यांना माहीत होती. इतके दिवस जी फरशी म्हणून मी बघत होते, ती फरशी चुन्यानं आखलेली कशी असेल, हा साधा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

कल्याणीनं दाराकडे खूण केली. आम्ही शेडमागं गेलो. तिथं खराब सुताची पोती रचलेली होती. ती एका पोत्यावर बसली. मला एवढं खाली बसता येत नव्हतं, माझा गुडघा तेव्हा एकशे पाच अंशांपर्यंतच वळायचा. मी काठीवर रेलून उभी राहिले.

“कुणी पाठवलं?” तिनं विचारलं.

“कुणी कशाला पाठवेल?”

“रसवंतीवर दोघी बसल्यात. दारातून दिसल्या मला.”

“डेअर होतं,” मी म्हटलं.

“काय डेअर?”

सतरा वेळा म्हटलेलं वाक्य. मी तोंड उघडलं आणि भलतंच विचारलं. “मी तुला खो दिला होता का?”

तिनं पोत्यातला सुताचा एक धागा ओढून बोटाला गुंडाळला. बोटाचं टोक पांढरं झालं तरी सोडेना.

“तुला आठवत नाही?”

“नाही.”

“खरंच नाही?”

“आईशप्पथ.”

“मग दवाखान्यात ‘नाही दिला’ म्हणून कसं सांगितलंस?”

तेव्हा ‘आठवत नाही’ असं म्हणता आलं असतं. तोंडून ‘नाही’च का आलं, यावर मी अजूनही कधी कधी विचार करते.

“हात लागला,” कल्याणी म्हणाली. “आवाज नाही आला तुझा. सेमीफायनलपासून घसा गेलेला होता तुझा, नुसती हवा येत होती. पण हात लागला, मी उठले. आमच्यात आवाजासाठी कुणी थांबत नाही. थांबलं तर माग बंद पडतो.”

“मग?”

“मग काय. ती पळणारी पलीकडे निसटली होती, मी तिच्या मागं खांबाला वळसा घातला. मला वाटलं माझ्या जागेवर तू असशील. तू बसायला पाहिजे होतीस. मी वळले तर समोर तू, हवेत.”

“मी बसले नाही?”

“तू कधी बसलीस?”

ती हे अगदी साधं बोलली. मी मराठीच्या पुस्तकाला कव्हर घालत नाही, डब्यातलं कारलं खात नाही, तसं. शेडमधून खडखड येत होती आणि मला जगताप सरांचा आवाज ऐकू आला. सरावाच्या वेळचा, शंभरदा ऐकलेला, कधीच मनावर न घेतलेला.

“तू खोटं बोलत असशील,” मी म्हटलं.

“असेन.”

“मग मला कसं कळणार?”

“मला काय माहीत? मला तर वाटलं तुला आठवेल. रोज वाटायचं. मागच्या बाकावरून तू येशील आणि म्हणशील, मी खो दिला होता. म्हणून मी पुढं बसायला लागले, तुझं तोंड बघत बसायला नको म्हणून.”

“तू सांगायचंस की कुणाला तरी.”

“सरांना सांगितलं. सर म्हणाले, कल्याणी, ती पोरगी ऑपरेशनला गेलीय, आता हे नको. बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, पडलेल्या पोरीवर बोट दाखवायचं नाही. मी दवाखान्यात आले होते तुला सांगायला, दोनदा. एकदा चिकू घेऊन.”

“कधी?”

“तुझ्या आईंनी दारातूनच परत पाठवलं. चिकू ठेवून घेतले.”

मला ते चिकू आठवले. मी खाल्ले होते. कुणी आणले असं विचारल्यावर आई म्हणाली होती, आणले कुणीतरी.

कल्याणीनं धागा सोडला. “झालं का डेअर? माझ्या कांड्या संपल्या असतील. माग थांबला की आई ओरडते.” ती उठली आणि जाता जाता थांबली. “काठी उजव्या हातात धर. डावा पाय दुखतो तर काठी उजव्या हातात धरायची. तुला कुणी सांगितलं नाही?”

सांगितलं होतं. केतकी मॅडमनी, म्हणजे माझ्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरांनी, रोज सांगितलं होतं.

रसवंतीवर बर्फ वितळून रस पांढरट झाला होता.

“काय म्हणाली?” समूनं विचारलं.

“आत काही ऐकूच येत नाही,” मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

पुढचा आठवडा मी कशी होते ते सांगायला मला नीट शब्द नाहीत. सकाळी उठले की वाटायचं, कल्याणी खोटं बोलतेय, स्वतःला वाचवतेय. दात घासेपर्यंत वाटायचं, ती कशापासून वाचवणार, तिचं तर सगळं आधीच गेलंय. शाळेत जाताना दुकानावरचा फ्लेक्स दिसायचा आणि वाटायचं, ही अंगठा दाखवणारी कोण आहे. पाच महिने मी एकाच गोष्टीच्या जोरावर व्यायाम केला होता. माझी काही चूक नसताना माझं असं झालं, म्हणून मी परत उभी राहून दाखवणार. ते ‘चूक नसताना’ काढलं तर खाली काय उरतं ते कळत नव्हतं. गुडघा तर तोच होता, तेवढाच दुखत होता.

बुधवारी मी अल्फियाला विचारलं. ती फायनलला सातव्या चौकोनात होती, कल्याणीच्या शेजारी, उलट्या दिशेला तोंड करून.

“माझा आवाज कसा होता गं त्या दिवशी?”

“आवाज कुठं होता? फुटक्या भोंग्यासारखी फुसफुस करत होतीस. मीच दोनदा खो चुकवणार होते.”

“म्हणजे मी कल्याणीला खो दिला असता तर तुला ऐकू आलं असतं?”

अल्फिया डबा खाता खाता थांबली. “तिनं असं सांगितलं का?”

“ऐकू आलं असतं का ते सांग.”

“नसतं आलं,” ती म्हणाली. मग तिनं शेंगदाण्याची चटणी बोटानं इकडून तिकडं केली. “पण मी सरांना सांगितलं होतं, की मला खो ऐकू आला नाही. सरांनी तेवढंच विचारलं होतं.”

“आणि शिट्टी? फाऊल कुणाचा होता?”

“कुणी विचारलंच नाही. तू पडली होतीस. तुझा पाय उलटीकडे वळला होता, तेजू. शिट्टीचं कोण विचारणार?”

गुरुवारी केतकी मॅडमनी माझा गुडघा मोजला. त्यांच्याकडे मोठ्या कोनमापकासारखी पट्टी असते. मॅडम म्हणाल्या, “एकशे आठ. छान. चालायला, जिना चढायला, सायकलला एवढं पुरेसं आहे. पळायचं नंतर बघू.”

“उकिडवं बसायला किती लागतात?”

“एकशे तीस तरी. पण ते कशाला तुला? पळायचं म्हणून रडायचीस ना तू?”

“खो-खोत बसावं लागतं.”

“तू तर पळणारी ना?”

“नऊपैकी आठ जणी बसलेल्याच असतात, मॅडम,” मी म्हटलं. हे मला पाचवीपासून माहीत होतं, पण तोंडानं म्हणायची वेळ पहिल्यांदा आली.

त्या दिवशी टाच ओढून मागं न्यायच्या व्यायामाला मी रडले. मॅडमना वाटलं दुखतंय. दुखत होतंच.

रविवारी दुपारी आम्ही जेवत होतो. मटण होतं, त्यामुळं पप्पा खुशीत होते. आई मला नळी वाढत होती, हाड लवकर भरतं म्हणून. पाच महिन्यांत घरातल्या सगळ्या नळ्या माझ्या ताटात येत होत्या. तेवढ्यात पप्पांचा फोन वाजला. जगताप सर. पप्पांनी डाव्या हातानं फोन कानाला लावला आणि बराच वेळ नुसतं “हं, हं” केलं. मग म्हणाले, “नाही सर, माझं मत बदललेलं नाही. उद्या सकाळी मी स्वतः येऊन मुख्याध्यापकांना सांगतो.”

“काय म्हणतात?” आईनं विचारलं.

“उद्यापासून नव्या संघाचा सराव सुरू होतोय. त्या लिपारेच्या पोरीला परत घ्यायचंय त्यांना. जुलैत निवड चाचणी आहे, उठायला तिच्यासारखी दुसरी नाही म्हणे. माझी हरकत आहे का विचारतात.” पप्पांनी भाकरी मोडली. “हरकत आहे म्हणजे? आहेच. माझ्या पोरीचं आयुष्य गेलं आणि ती चाचणीला जाणार?”

“माझं आयुष्य गेलेलं नाही,” मी म्हटलं.

“तसं नाही गं. खेळ म्हणतोय मी.”

“आई, दवाखान्यात चिकू कुणी आणले होते?”

आईनं पळी पातेल्यात ठेवली. पप्पा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले.

“तू तेव्हा धड शुद्धीत नव्हतीस,” आई हळू म्हणाली. “तुझे हाल बघवत नव्हते. ती दारात उभी राहिली, धडधाकट, दोन पायांवर. मला नाही बघवलं. चुकलं असेल माझं.”

“काय चाललंय? कसले चिकू?” पप्पा म्हणाले.

मी ताट थोडं बाजूला सरकवलं. गुडघ्यात बसवलेला स्क्रू टोचत होता. खरं तर तो टोचत नसतो, तसं वाटतं. मला अजूनही काहीच आठवत नव्हतं. त्या क्षणी जर पप्पा म्हणाले असते, शपथ घेऊन सांग, तर मला सांगता आलं नसतं. फक्त स्टूल दिसत होतं. आणि मी स्वतःला ओळखत होते, पाचवीपासून.

“पप्पा, मी कल्याणीला खो दिला होता.”

“तुला आठवलं?”

“नाही.”

“मग तिनं सांगितलं. तिला भेटलीस तू. आणि तू लगेच विश्वास ठेवलास.”

“लगेच नाही. आठ दिवस लागले. पप्पा, तुम्ही माझ्या किती मॅच बघितल्यात?”

“सगळ्या.”

“मग सांगा, खो दिल्यावर मी कधी वेळेवर बसले? एक मॅच सांगा.”

पप्पांनी तोंड उघडलं. बाहेर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती सुरू होईना. पप्पांनी खरोखर आठवून बघितलं असावं, कारण त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, तसा तो मी ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा बघितला नव्हता.

“पण पंचांनी…” ते म्हणाले.

“शिट्टी कुणाच्या फाऊलची होती, कुणी विचारलं नाही. तुम्हीपण नाही. मीपण नाही.”

“असू दे ना आता,” आई म्हणाली. “तुझी काय चूक म्हणायची? पोरगी आहेस तू. मोडलं तुझंच ना? आणखी काय भोगायचं राहिलंय? लोक काय म्हणतील, एवढा फ्लेक्स लावला…”

“तो काढा,” मी म्हटलं. “आजच काढा. आणि पत्र परत घ्या. तुम्ही उद्या मुख्याध्यापकांकडे जाणारच आहात, तेव्हा मी पण येणार.”

“येऊन काय करणार आहेस?” पप्पांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

“ऑफिसात जे सांगायचं ते सांगणार. आणि संध्याकाळी मैदानावर जाणार, सरावाला.”

“खेळायला? या पायानं?” आई म्हणाली.

“खेळायला नाही. पुढं खेळता येईल की नाही मला माहीत नाही. मॅडमना पण माहीत नाही. सगळ्या पोरींसमोर सांगणार आहे, की कल्याणी उठली ते बरोबर उठली. मग तिला म्हणणार आठव्या चौकोनात बस, तिच्या पाठीला हात लावणार, ती उठेल, आणि मी तिच्या जागेवर बसणार.”

पप्पा माझ्या गुडघ्याकडे बघत होते. “वळतो का तेवढा?”

“नाही वळत,” मी म्हटलं. “एक पाय लांब करून बसेन. पण बसणार आहे.”